खरी एसयूव्ही कुठली, आणि आमच्या घराला कुठली?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत, इंदूरला सुदामा नगरात राहतात आणि शाळेत शिकवतात. यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. घरात गुडघेदुखीने बेजार झालेल्या ७४ वर्षांच्या सासूबाई आणि इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा. सिमरोलच्या बाजूला वडिलोपार्जित १४ बिघे शेत आहे. सोयाबीन, लसूण आणि थोडा बटाटा निघतो. अधूनमधून चौघांचं पुण्यालाही जाणं होतं. ११ वर्षं वापरलेली स्विफ्ट आता बदलायची आहे. यजमानांच्या मनात डबल कॅबची (पुढे सीटच्या दोन रांगा, मागे मालाचा हौदा) पिकअप भरली आहे: "घरची गाडीही होईल आणि शेतातला मालही येईल." मुलाला लॅडर फ्रेमची (ट्रकसारख्या वेगळ्या चौकटीवर बांधलेली), दणकट, 'खरी' एसयूव्ही हवी. लेखिकांना क्रेटाच्या आकाराची गाडी आवडली होती, पण बापलेकांचं म्हणणं, ती नुसती उंच केलेली कार, पैसे पाण्यात जातील. बजेट १८ लाखांचं आहे, पिकअप त्याच्या बरीच वर जाते. पोर्च १६ फुटांचा. रोज गाडी चालवणार त्या लेखिकाच. त्या लिहितात, "शोरूममध्ये प्रत्येक गाडीला एसयूव्हीच म्हणतात. मला यातलं काही कळत नाही म्हणून मी गप्प बसते. यातली खरी कुठली ते सांगा. आणि पिकअपच आली, तर एवढी मोठी गाडी या वयात मला झेपेल का?"

ताई,

तुम्ही लिहिता, तुम्हाला यातलं काही कळत नाही. पण तुमच्याच पत्रात पोर्चची लांबी आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत, शेतावर वर्षातून किती खेपा होतात आणि शेवटचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो तेही आहे. गाडी निवडायला लागणारी निम्मी माहिती हीच. घरात ती इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी सांगितली नसती. उरलेली निम्मी माहिती गाडीच्या पोटाखाली असते, आणि ती समजून घेणं मुळीच अवघड नाही.

पुढच्या वेळी शोरूममध्ये जाल तेव्हा मागच्या चाकाजवळ वाकून बघा. काही गाड्यांखाली पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गेलेले दोन जाड पोलादी दांडे दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच जणू. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं या चौकटीला जोडलेलं असतं. माणसं बसतात ती बॉडी वेगळी तयार होते आणि रबरी बुश घालून बोल्टांनी वर बसवली जाते. लॅडर फ्रेम म्हणतात ती हीच. पीथमपूरला १९८६ पासून आयशरचे ट्रक बनतात ते याच पद्धतीने, त्यामुळे यजमानांना बॉडी न चढवलेली चासी नवीन नसावी. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत अशी वेगळी चौकट नसते. तळ, खांब, छत असे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच कवच तयार होतं आणि सगळा भार तेच कवच पेलतं. याला मोनोकॉक म्हणतात. तुमची स्विफ्ट मोनोकॉक आहे.

आता कोड्यात टाकणारी पिकअप, एसयूव्ही आणि क्रॉसओव्हर ही तिन्ही नावं यावर ठेवून बघा. ट्रक आणि पिकअप म्हणजे लॅडर फ्रेम, पुढे केबिन, मागे माल टाकायला हौदा. जुन्या वळणाची एसयूव्ही म्हणजे तीच चौकट, पण हौद्याच्या जागी छत आणि बाकं. क्रॉसओव्हर म्हणजे कारचं मोनोकॉक कवच, जरा उंच उचललेलं, मोठ्या चाकांचं आणि एसयूव्हीच्या चेहऱ्याचं. मारुतीची बलेनो आणि फ्रॉन्क्स शेजारी उभ्या करा. एकाच पायावर उभ्या केलेल्या दोन गाड्या आहेत. एकीला आपण हॅचबॅक म्हणतो, दुसरीला शोरूममध्ये एसयूव्ही म्हणतात.

म्हणजे मुलगा जे म्हणतो त्यात तथ्य आहे: क्रेटा ही कारच्या पद्धतीने बांधलेली गाडी आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यामुळे ती खोटी ठरत नाही.

'खरी' हा शब्द तुमच्या घरात कुठून आला असेल याचा मी विचार करत होते. यजमान पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांच्या तरुणपणी रस्त्यावर जीप होती, मग १९९१ मध्ये टाटांची सिएरा आली, १९९३ मध्ये महिंद्रांची आर्माडा, १९९४ मध्ये सुमो, १९९८ मध्ये सफारी, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. या सगळ्या लॅडर फ्रेमच्या. सिएरा तर टाटांच्या पिकअपच्याच पायावर उभी होती. त्या काळात उंच आणि दणकट गाडी बनवायची तर ट्रकची चौकट घ्यायची, हीच रुळलेली वाट होती. अमेरिकेतही तसंच झालं. शेव्हरोलेची सबर्बन १९३५ मध्ये ट्रकच्याच चासीवर आली, आणि फोर्डची एक्स्प्लोरर १९९० मध्ये रेंजर पिकअपच्या आधाराने. जपानमध्ये टोयोटाने १९९४ मध्ये कारचे भाग वापरून आरएव्ही४ बनवली आणि तिथून वाट बदलली. पुढे एक्स्प्लोररही मोनोकॉक झाली. आपल्याकडे महिंद्रांची एक्सयूव्ही५०० २०११ मध्ये, रेनोची डस्टर २०१२ मध्ये आणि क्रेटा २०१५ मध्ये आली. आणि सफारी? तेच नाव घेऊन २०२१ मध्ये ती परत आली तेव्हा तिच्याखाली चौकट नव्हती. आताची सफारी मोनोकॉक आहे. १९९८ ची सफारी मनात धरून यजमान आजच्या सफारीजवळ उभे राहिले, तर नाव ओळखीचं आणि गाडी सर्वस्वी वेगळी असेल. उलट मारुतीची जिम्नी बघा: चार मीटरपेक्षाही आखूड, दिसायला लहान, पण तिच्याखाली शिडी आहे आणि चारही चाकांना ताकद जाते. महिंद्रांच्या एकाच शोरूममध्ये स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमची आणि शेजारची एक्सयूव्ही ३एक्सओ मोनोकॉक. म्हणून उंचीवरून, नावावरून, मागच्या दारावर लावलेल्या स्टेपनीवरून काही ठरवू नका. वाकून बघा, नाहीतर सेल्समनला सरळ विचारा: लॅडर फ्रेम की मोनोकॉक? ताकद पुढच्या चाकांना, मागच्या की चारही? या दोन प्रश्नांनंतर तुम्हाला गप्प बसावं लागणार नाही.

सरकारी व्याख्येनेही तुमचा प्रश्न सुटला नसता. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये जास्त सेस (जीएसटीवरचा जादा कर) लावण्यासाठी एसयूव्हीच्या अटी स्पष्ट केल्या, त्या अशा: लोक तिला एसयूव्ही म्हणून ओळखतात, इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी ४००० मिलीमीटरच्या वर, आणि गाडीचं पोट जमिनीपासून १७० मिलीमीटर किंवा जास्त उंच. पोटाखाली चौकट आहे की नाही याचा त्यात उल्लेखच नाही. तो सेस आता गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के आणि त्याहून मोठीला ४० टक्के जीएसटी आहे. बाजारात इतक्या गाड्या ३९९५ मिलीमीटरवर का थांबतात ते यावरून कळेल. करासाठी शेपूट आखूड केलेल्या गाडीत डिकीची जागा जाते, हे पुण्याला जाताना चौघांचं सामान भरणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आता मुद्द्याचं. यजमानांचा विचार मला आधी नीट समजून घ्यायचा आहे, कारण तो वेडेपणाचा नाही. एकाच पैशात दोन कामं व्हावीत असं कुणालाही वाटेल. पण पिकअप ही मालासाठी बांधलेली गाडी असते. मागे बहुधा पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात, वजन पडल्यावर ते नीट काम करतात. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका राहतो, खड्ड्यात उडतो आणि पावसात ओल्या वळणावर मागची चाकं लवकर सुटतात. तुमच्याच हिशेबाने शेतातला माल वर्षातून आठ-दहा वेळा येतो. म्हणजे बाकी सगळे दिवस ती गाडी रिकामा हौदा घेऊन शाळा, भाजी आणि दवाखाना करणार. शिवाय लसणाचा हंगाम आला की तुमचा माल डबल कॅबच्या आखूड हौद्यात मावणार नाही. चोइथराम मंडीला न्यायला तेव्हाही टेम्पो बोलवावाच लागेल. डबल कॅबमध्ये माणसांना जागा द्यायची म्हणून हौदा कापलेला असतो आणि हौदा द्यायचा म्हणून मागच्या सीटची पाठ जरा सरळ ठेवलेली असते. सासूबाईंना पुण्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ६०० किलोमीटर, त्या सीटवर बसवणं मला योग्य वाटत नाही.

लांबीचं म्हणाल तर टोयोटाची हायलक्स ५३२५ मिलीमीटर आहे, म्हणजे साडेसतरा फूट. तुमचा पोर्च सोळा फुटांचा. इथेच खरं तर विषय संपतो, पण यजमान म्हणतील रस्त्यावर लावू. तर हेही त्यांच्यासमोर ठेवा: स्विफ्ट वळायला ४.८ मीटरची त्रिज्या घेते, हायलक्स ६.४ मीटरची. ज्या गल्लीत तुम्ही आज एका दमात गाडी फिरवता तिथे पुढे-मागे करावं लागेल, तेही शाळेच्या वेळेला, मागे रिक्षा हॉर्न देत असताना.

मालाचा प्रश्न वेगळा सोडवा. आठ-दहा खेपांना गावातली पिकअप किंवा छोटा हत्ती भाड्याने घ्या. हप्ता, विमा आणि देखभाल यांच्यापुढे ते भाडं किरकोळ ठरेल. खेपा खरोखर वाढल्या, तर एखादं जुनं लहान मालवाहू वाहन शेतासाठी घ्यायचा विचार करता येईल. मालवाहू नोंदणीच्या गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्यात परमिटची अट नाही. तुमच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहेच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन त्यावर चालवता येतं हे मान्य केलं आहे. एक मात्र करू नका, आणि हे याच विचारात असलेल्या सगळ्यांसाठी आहे: खासगी नोंदणीच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने वाहू नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

मुलाच्या मागणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच घरांत हीच चूक होते. तुम्ही लिहिलंय की डांबरी रस्ता सोडल्यावर शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि स्विफ्ट तिथे दोनदा रुतली. मुलगा म्हणतो, म्हणून लॅडर फ्रेम. इथे त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. चिखलातून गाडी बाहेर काढते ती चौकट नव्हे. ते काम चाकं करतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेली ताकद. १८ लाखांच्या बजेटमध्ये मोठ्या लॅडर फ्रेम गाड्यांची जी मॉडेल बसतात त्यांत बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना ताकद असते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, वरच्या किमतीच्या मॉडेलात मिळतं. गाडी रिकामी, मागची चाकं हलकी, खाली माळव्याची चिकट काळी माती. ती माती टायरच्या खाचांत गच्च भरते, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. अशी जड गाडी रुतली तर तिला ओढायला ट्रॅक्टरलाच बोलवावं लागतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये निदान इंजिनाचं वजन चालत्या चाकांवर असतं. तीही त्या चिखलात रुतेल, मी खोटी आशा दाखवत नाही. पण 'खरी' गाडी घेतली म्हणजे रुतणार नाही, ही समजूत महागात पडेल.

खरं फोर बाय फोर हवं असेल तर ज्यात 'फोर लो' हा, अगदी कमी वेगात जास्त जोर देणारा, गिअर आहे ते बघावं लागतं: थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एनचं वरचं मॉडेल, फोर्सची गुरखा. या गाड्या त्या कामाला खरोखर चांगल्या आहेत. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलीमीटर उंच आहे आणि कंपनी ६५० मिलीमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. डोंगरात राहणारा, रोज नाला ओलांडणारा माणूस मला विचारता तर मी त्याला हेच सुचवलं असतं. तुमच्या घरी मात्र वर्षातले दोन-तीन महिने, आठवड्यातून एकदा, शेवटच्या तीनशे मीटरांचा प्रश्न आहे. त्यावर माझं उत्तर गाडीच्या बाहेरचं आहे: त्या तुकड्यावर मुरूम टाकून घ्या. शेजारच्या शेतकऱ्यांनाही तोच रस्ता वापरायचा असणार, खर्च वाटून घ्या, कडेला पाणी जायला चर काढा आणि उन्हाळ्यातच रोलर फिरवून घ्या. फोर बाय फोर मॉडेलला जे लाख-दोन लाख किंवा त्याहून जास्त मोजाल ते वाचतील, आणि शेतावर येणाऱ्या भाड्याच्या टेम्पोलाही रस्ता मिळेल.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बापलेकांच्या 'दणकट' या शब्दामागे तीच काळजी असणार. जड गाडीत आपली माणसं सुरक्षित, असं मनात असतं. चौकट जाड असणं आणि आतला माणूस वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चुरगळला पाहिजे, तो धक्का पिऊन टाकतो, आणि माणसं बसतात तो भाग ताठ राहिला पाहिजे. हे लॅडर फ्रेममध्येही साधता येतं आणि मोनोकॉकमध्येही. गाड्यांची टक्कर घडवून त्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, ती मोनोकॉक. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले, ती लॅडर फ्रेम. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तशीच चाचणी सुरू आहे. जी गाडी ठरवाल तिचे तारे, मुलांसाठीचे आणि मोठ्यांचे वेगवेगळे, बघूनच पैसे भरा. मालवाहू म्हणून नोंदणी होणारी पिकअप या भारत एनकॅपच्या कक्षेत येत नाही.

उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे अचानक वळवली की ती कारपेक्षा लवकर कलंडते. भेरूघाट उतरून ओंकारेश्वरला जाता, मानपूरच्या घाटाने महेश्वरला जाता, तेव्हा हे महत्त्वाचं आहे. क्रॉसओव्हर असो की एसयूव्ही, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेलंच मॉडेल घ्या. एखादं चाक घसरायला लागलं की ते आपोआप ब्रेक लावून गाडी सावरतं. सनरूफ सोडावं लागलं तरी चालेल, हे सोडू नका. आणि टायरमधली हवा दर महिन्याला तपासा. २००० साली अमेरिकेत एक्स्प्लोररचे टायर फाटून गाड्या उलटल्या आणि फायरस्टोनला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले, त्या प्रकरणात कमी हवा, जास्त भार आणि उन्हाळा हे सगळे एकत्र आले होते. सेंधवा-धुळ्याच्या रस्त्यावर मे महिन्यात भरलेली गाडी नेताना आपल्याकडेही हेच तिन्ही असतात.

रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचाही विचार करा असं मी सांगेन. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असतं, त्यांची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता उतरत्या, ३० इंचांपर्यंतच्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. तुम्ही सकाळी शाळेच्या फाटकापाशी गाडी लावता. समोर पहिली-दुसरीतली मुलं पळत असतात. उंच बॉनेटमागून ती दिसतच नाहीत. हा एकच मुद्दा मला पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीच्या विरोधात पुरेसा वाटतो.

सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा. फोनवर फोटो दाखवून विचारू नका. साडीत, हातात काठी घेऊन, त्या स्वतः चढतात-उतरतात कशा ते बघा. स्विफ्टमध्ये त्यांना खाली वाकून बसावं लागतं, लॅडर फ्रेमच्या गाडीत पायरीवर पाय ठेवून वर चढावं लागतं, आणि दुखरे गुडघे दोन्हीला तयार नसतात. क्रॉसओव्हरची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते. माणूस आधी टेकतो आणि मग पाय आत घेतो. बऱ्याच घरांत ज्येष्ठांमुळे क्रॉसओव्हर येते ती यासाठी. पण सगळ्या सारख्या नसतात, दार किती उघडतं आणि उंबरा किती रुंद आहे त्याने फरक पडतो. आणि सात सीटची गाडी बघत असाल तर तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघा. काही गाड्यांत तिथे तोंड आडव्या बाजूला असलेली बाकं असतात. त्यांवर मी घरचं कुणी बसू देणार नाही.

तर माझं मत: सव्वाचार ते साडेचार मीटरची, पाच सीटची, चांगल्या ताऱ्यांची क्रॉसओव्हर. म्हणजे तुम्हाला आवडली होती त्याच जातीची. क्रेटा ४३३० मिलीमीटर, सव्वाचौदा फूट, तुमच्या पोर्चमध्ये दार उघडून चालायला जागा उरते. स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलीमीटर आहे, ती आत येईल पण फाटक लावताना मोजावं लागेल. पैसे वाचवायचे असतील तर चार मीटरच्या आतलीही बघा, फक्त डिकी उघडून पुण्याच्या प्रवासाच्या बॅगा खरोखर आत ठेवून बघा. मोनोकॉकची एक बाजू मात्र सांगायला हवी. मोठ्या धडकेत कवचाचे खांब किंवा तळ वाकले तर दुरुस्ती अवघड आणि खर्चिक होते; लॅडर फ्रेमच्या बॉडीचं काम गल्लीतला गॅरेजवालाही करतो. म्हणून पहिली काही वर्षं झीरो डेप्रिसिएशनचा (दाव्यातून भागांची घसारा-रक्कम न कापणारा) विमा घ्या.

हे मत एका गोष्टीने बदलेल. यजमानांशी बोलताना गाडीपासून सुरुवात करू नका. शेताचं पुढे काय करायचं मनात आहे ते विचारा. पन्नाशीला आलेला, आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बसलेला माणूस पिकअप मागतो, तेव्हा त्याला शेतावर जास्त राहायचं असू शकतं. कदाचित निवृत्तीनंतर तिथे खोली बांधायची असेल, दोन गाई पाळायच्या असतील. तसं असेल आणि ते दोन-तीन वर्षांत होणार असेल, तर हिशेब वेगळा. मग आज तुमच्यासाठी लहान, स्वस्त क्रॉसओव्हर घ्या आणि उरलेले पैसे शेतासाठी जुनी, चांगल्या स्थितीतली मालवाहू पिकअप घ्यायला बाजूला ठेवा. दोन कामांना दोन गाड्या, दोन्ही मिळून एका नव्या डबल कॅबपेक्षा स्वस्त पडतील. "तुमची पिकअप नको" असं तुम्ही म्हणालात तर त्यांना ते शेताला दिलेला नकार वाटेल, आणि तुमच्या पत्रात शेताबद्दल कुठेच नकार नाही. तेवढं त्यांना आधी सांगा.

मुलाला एक काम द्या. निवडलेल्या तीन गाड्यांचा पाच वर्षांचा खर्च त्याने काढावा: विमा, सर्व्हिस, टायर, आणि महिन्याला तुम्ही जेवढी चालवता तेवढ्यावर इंधन. जड चौकट रोज ओढत न्यायला जास्त इंधन लागतं, हे त्याने स्वतः मांडलेल्या आकड्यांत दिसलं तर वाद राहणार नाही. नेक्सॉन की क्रेटा की आणखी कुठली, हे त्या कागदावरून ठरवा.

शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न. मोठी गाडी या वयात झेपेल का? झेपेल. पॉवर स्टीअरिंगमुळे ताकदीचा प्रश्न उरलेला नाही, वयाचा तर नाहीच. अंगवळणी पडावी लागते ती डावी बाजू आणि मागचं टोक. स्विफ्टवरून क्रॉसओव्हरवर आलात तर आठवडाभरात हात बसेल. पिकअपला जास्त दिवस लागले असते, पण तीही जमली असती; मी नको म्हणते त्याची कारणं वर दिली आहेत, त्यात तुम्ही नाही. गाडी आली की रविवारी सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरला न्या, कडेला दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्यामध्ये मागे घेण्याचा सराव करा, सीटची उंची आणि तिन्ही आरसे तुमच्या मापाने लावून घ्या. कॅमेरा असला तरी आरसे बघायची सवय सोडू नका. राजवाड्याच्या बाजूला पंधरा दिवसांनी जा. आणि टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा माणूस बहुधा किल्ली यजमानांच्या हातात देईल. ती मागून घ्या, आधी तुम्ही चालवा, आणि मागच्या सीटवर सासूबाईंना बसवूनच चालवा.